‘मेन’ म्हणजे माणसे की पुरुष?

प्रश्न : नववीला अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा मूळ कागदपत्रांवरून शिकवायचा आहे. मराठी माध्यम, ६० मुले, ३५ मिनिटांचा तास. गेल्या वर्षी स्वातंत्र्याचा जाहीरनामा अख्खा वाटला, तर मुले जांभया देऊ लागली. काय चुकले?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : अख्खा वाटला, तिथेच चुकले. जाहीरनाम्याचा बराच भाग म्हणजे ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याच्याविरुद्धच्या २७ तक्रारी. मागचापुढचा संदर्भ ठाऊक नसेल तर मोठ्यांनाही त्या रटाळ वाटतात.

पहिल्या तासाला एकच वाक्य घ्या : ‘ऑल मेन आर क्रिएटेड ईक्वल’. फळ्यावर इंग्रजीतच लिहा आणि अनुवाद तुम्ही करू नका. ‘सर्व माणसे समान’ असे आपण लिहून दिले की विषयच मिटतो. ‘मेन’ म्हणजे माणसे की पुरुष, हे मुलांना भांडून ठरवू द्या. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी मुले तेलुगूत, घरी कन्नड बोलणारी कन्नडमध्ये करून बघतील.

दहा मिनिटांनी दुसरा कागद काढा. ३१ मार्च १७७६ ला ॲबिगेल ॲडम्सने नवऱ्याला, जॉनला, लिहिले : नवे कायदे करताना बायकांना विसरू नका, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. १४ एप्रिलला जॉनचे उत्तर आले, की मला हसूच येते. हाच जॉन पुढे जाहीरनाम्याच्या पाच जणांच्या मसुदा समितीत होता! जाहीरनामा ४ जुलैचा. तिन्ही तारखा एकाखाली एक लिहा, म्हणजे ‘त्या काळी हे कुणाला सुचलेच नव्हते’ ही पळवाट बंद होते.

दुसऱ्या तासाला काढून टाकलेला परिच्छेद. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने त्यात गुलामांच्या व्यापाराचे खापर राजावर फोडले होते. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो मजकूर वगळला. जेफरसन स्वतः गुलाम बाळगून होता, हे कळताच मुले ‘ढोंगी’ म्हणून मोकळी होतात. तिथे थांबवा. नेमके काय गळले आणि त्याने कोणाची सोय झाली, हे शब्दांखाली रेघ मारून दाखवायला लावा. मसुदा आणि अंतिम मजकूर एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापा. पाच जणांत एक, म्हणजे १२ प्रती पुरतात.

चित्र दाखवायचे तर मूळ चर्मपत्राचे नको, शाई फार पुसट झाली आहे. १८२३ ची कोरून छापलेली प्रत स्वच्छ दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. हक्कांच्या सनदेत, म्हणजे अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांत, मात्र फसगत ठरलेली. मुले १० कलमे शोधतात, मूळ कागदावर १२ आहेत. पहिल्या दोनांना १७९१ मध्ये मंजुरी मिळाली नव्हती, त्यामुळे आजची पहिली दुरुस्ती तिथे तिसरी आहे. मथळ्यातल्या ‘काँग्रेस’चा एक ‘एस’ही ‘एफ’सारखा दिसतो, ती चूक नव्हे, त्या काळी ‘एस’ असा लांबही लिहीत.

तिसरा तास मिळाला तर महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका वाचा. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. १८७३ मध्ये फुल्यांनी हे पुस्तक तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, गुलामांच्या मुक्तीसाठी झटल्याबद्दल. मग पुन्हा फळ्याकडे बोट करून विचारा, फुल्यांनी हा ‘मेन’ कसा वाचला असता?