वाचकांचे प्रश्न : उजनीची चिलापी आणि जड धातू

प्रश्न : आमच्या घरी आठवड्यातून दोनदा उजनीची चिलापी असते. पुण्याचे सांडपाणी या धरणात येत असल्याने मासळीत शिसे आणि पारा असतो, असे ऐकतो. उन्हाळ्यात पाणी हिरवेगार दिसते आणि साफ करताना माशाच्या पोटात काळा पापुद्राही आढळतो. मीठ-हळद लावून चिंचेच्या कोळात तासभर ठेवल्यास हे धातू निघून जातात का?
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : निघून जात नाहीत. मीठ, हळद आणि चिंच यांनी माशाचा उग्र वास व बुळबुळीतपणा जातो. धातू मात्र पेशींतील प्रथिनांना बांधलेले असतात. तळल्याने माशातले पाणी उडते, धातू जागीच राहतो. आणि कालवणात थोडाफार उतरलाच, तरी तो रस्सा आपण भाताबरोबर खातोच.

आपण पाहिलेल्या दोन्ही खुणा धातूंच्या नव्हेत. हिरवा रंग सांडपाण्यातील नत्र व स्फुरदावर पोसलेल्या शेवाळाचा असतो आणि काळा पापुद्रा चिलापीच्या पोटाचे नैसर्गिक अस्तर आहे. धातू डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेला कळत नाहीत. पवना, मुळा आणि मुठा या नद्यांचे पाणी पुढे भीमेतून उजनीत येते. काठच्या शहरांतील मुलामा देण्याचे कारखाने, बॅटऱ्या, रंग अशा ठिकाणांहून सांडपाण्यात मिसळणारे शिसे, कॅडमियम वा क्रोमियम कुजून नाहीसे होत नाहीत, तर गाळात बसतात आणि तळाशी प्राणवायू संपला की त्यांतला काही भाग पुन्हा पाण्यात येऊ शकतो.

चिलापी शेवाळ आणि तळचा गाळमिश्रित कचरा खाते. तिचे आतडे बाहेर काढून पाहा : गुंडाळीसारखे लांबलचक, हिरवट-काळ्या लगद्याने भरलेले. शिसे आणि कॅडमियम प्रामुख्याने कल्ले, यकृत आणि मूत्रपिंड यांत साठतात, मांसात त्या मानाने कमी. म्हणून पाठीच्या कण्यालगतची गडद लाल पट्टीही (तेच माशाचे मूत्रपिंड) बोटाने खरवडून काढावी, आणि डोक्याचे कालवण करणाऱ्यांनी झाकणाखालचे लाल कंगव्यासारखे कल्ले न विसरता काढावेत. कोळापेक्षा ही साफसफाई कितीतरी अधिक उपयोगी आहे.

पाऱ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. गाळातील जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, तो थेट मांसात बसतो आणि लहान मासा मोठ्याने खाल्ला की वाढत जातो. त्यामुळे या बाबतीत शेवाळखाऊ चिलापीपेक्षा मोठ्या, वयस्क मरळीची धास्ती अधिक. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनी मिथाइल पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम ठेवली आहे, पण ती मोजायला प्रयोगशाळाच लागते. गर्भाचा आणि लहान मुलांचा मेंदू पाऱ्याला सर्वाधिक हळवा असल्याने घरात गर्भवती किंवा लहान मूल असल्यास मोठी मरळ टाळावी, चिलापी लहान आकाराची घ्यावी आणि दोनपैकी एका वेळी दुसऱ्या पाण्यातली मासळी आणावी.