खाडीच्या रास्टरचे दोनच पॉलिगॉन का?

प्रश्न : आचरा खाडीच्या सेंटिनल-२ या उपग्रहाच्या चित्रावरून एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) काढला. कांदळवनाचे तुकडे वेगळे करून क्षेत्रफळ हवे आहे. त्या रास्टरवर (पिक्सेलच्या जाळीवर) 'आर' या संगणकभाषेत टेरा पॅकेजचे 'अ‍ॅज डॉट पॉलिगॉन्स' चालवले तर दोनच पॉलिगॉन (बंद आकृत्या) आले. 'अ‍ॅग्रिगेट' बंद केले तर लॅपटॉपच अडकला. चुकते कुठे?
– एक वाचक, मालवण

उत्तर : हे फंक्शन सारख्या किमतीचे पिक्सेल एकत्र करते, पण त्याआधी किमती पूर्णांकात आणते. 'डिजिट्स' (किती दशांश ठेवायचे) मुळात 0 असतो. त्यामुळे 0.3चा 0 झाला, 0.7चा 1, आणि खाडी दोन रंगांत आटोपली. 'अ‍ॅग्रिगेट' बंद केले की दर पिक्सेलला एक पॉलिगॉन, म्हणजे चौरस किलोमीटरला 10,000. लॅपटॉपचा दोष नाही!

आधी वर्ग पाडा. 'इफएल' या अट लावणाऱ्या फंक्शनने ठरावीक उंबरठ्याच्या वरचे 1, बाकी सगळे 0. उंबरठा पुस्तकातून उचलू नका. ओळखीच्या चार-पाच जागी किंमत बघून ठरवा. माड-पोफळीही तितकीच हिरवी दिसते, म्हणून खाडीकाठचा भरतीचा पट्टा आधीच कापून घ्या.

मग बारीक ठिपके गाळणारे 'सिव्ह', थ्रेशोल्ड 5, डिरेक्शन्स (किती बाजूंचे शेजारी धरायचे) 4. पाचपेक्षा कमी पिक्सेलचे ठिपके शेजारच्या वर्गात विरतात. डिरेक्शन्स मुळात 8 असते. ते तसेच ठेवले तर फक्त कोपऱ्याने चिकटलेले पिक्सेल एक तुकडा धरले जातात आणि पुढे 'डिसॅग' केल्यावर सुटे होऊन पुन्हा हजर. 0चे एनए (रिकामी किंमत) मात्र 'सिव्ह'नंतरच करा. आधी केलेत तर ठिपक्याला विरायला शेजारीच उरत नाही.

आता 'अ‍ॅज डॉट पॉलिगॉन्स'. सगळे कांदळवन मिळून एकच, अनेक भागांचा पॉलिगॉन येईल. 'डिसॅग'ने तुकडे सुटे होतात. क्षेत्रफळ काढणाऱ्या 'एक्स्पान्स'ला युनिट हेक्टर द्या. पडताळा सोपा आहे : 10 मीटरचा पिक्सेल म्हणजे 100 चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा.

कडा पायऱ्यांसारख्या दिसतील. नकाशासाठी कडा सोप्या करणारे 'सिम्प्लिफायजॉम' वापरा, पण क्षेत्रफळ त्याआधीच काढून ठेवा. प्रोजेक्शन बदलायचे तर वर्ग पाडलेल्या रास्टरला मेथड 'निअर'च (सर्वांत जवळच्या पिक्सेलची किंमत) हवी. शेजाऱ्यांची सरासरी घेणाऱ्या 'बायलिनिअर'ने 0 आणि 1च्या मध्ये 0.4 जन्माला येतात. कोकणासाठी प्रोजेक्शन यूटीएम, पट्टा 43 उत्तर.

साठवताना जिओपॅकेज हा फाइलप्रकार घ्या. शेपफाइल या जुन्या प्रकारामध्ये स्तंभाच्या नावाला 10 बाइट मिळतात आणि देवनागरीचे एकेक चिन्ह 3 बाइट खाते, त्यामुळे 'कांदळवन'मधले 'कां' कसेबसे मावते.