काळा अंगठा, पण पाय गुडघ्याखालून का?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. शुगर जुनी, विडी आत्ता कुठे सुटली. लावणीच्या दिवसांत अनवाणी असताना जांभ्याची ठेच लागली आणि अंगठा काळा पडला. डॉक्टर गुडघ्याखालून पाय काढायचा म्हणतात. काळा तर नुसता अंगठा आहे! — एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : कुठून काढायचं ते काळेपणावरून नाही, जखम कुठे भरेल त्यावरून ठरतं. पोटरीतल्या धमन्या बंद असताना नुसता अंगठा काढला, तर टाके सुटतात, कड पुन्हा काळी पडते आणि कापत कापत वर जावं लागतं.

म्हणून सही करण्याआधी विचारा, रक्तपुरवठा मोजलाय का? घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब ०.९ च्या खाली आला तर धमन्या अरुंद झाल्यात. मधुमेहात मात्र हा आकडा फसवतो. भिंतींत कॅल्शियम बसून धमन्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा १.३ च्याही वर जातो. मग पायाच्या बोटातला रक्तदाब बघतात. तो ३० मिमी (पारा) च्या खाली असेल तर जखम भरणं कठीण. पुढे डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), अँजिओग्राफी (औषध सोडून काढलेला धमन्यांचा फोटो). फुग्याने किंवा बायपासने धमनी मोकळी झाली, तर पुष्कळदा अंगठ्यावरच निभावतं. त्यासाठी कोल्हापूर-मुंबईची खेप पडली तरी रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं मत घ्याच.

पण एवढी सवड अंगठा आमसुलासारखा कोरडा असेल तरच. ओल, दुर्गंधी, घोट्याकडे चढणारी लाली किंवा ताप दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेव्हा आधी जीव, मग पाय. पाय एकाएकी पांढरा, थंडगार पडून ठणकू लागला, तर हातात जेमतेम सहा तास.

काढावाच लागला, तर गुडघा राहणं मोठी गोष्ट. कृत्रिम पायावर चालताना दम कमी लागतो. घरचे मात्र मायेने गुडघ्याखाली उशी देतात, तिथेच घात होतो. गुडघा वाकलेला आखडतो आणि जयपूर फूट नीट बसत नाही. उशी नको. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटं पालथं झोपवा. उरलेल्या पायाला पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधा, टोकाला घट्ट, वर सैल. उलट बांधली की टोक सुजतं.

दुसऱ्या पायातही हाच आजार असतो. रोज रात्री तळवा आरशात बघा. शेक देऊ नका, बधिर पाय भाजलेला कळत नाही. शेतात गमबूट, आणि घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना ते बघायचं.