गळ, गढूळ पाणी आणि हंगामाची सुरुवात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गणपती झाले की मलप्रभेवर गळ टाकायला बसतो, पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हात हलवत परत यावं लागतं. दसऱ्यानंतर मासा लागू लागतो. पाणी निवळेपर्यंत थांबणंच बरं का? (एक वाचक, खानापूर)

थांबू नका, जागा बदला. गढूळ पाण्यात बहुतेक जण सवयीनं नदीच्या मध्यावर गळ फेकतात आणि तिथंच फसतात. जोराच्या धारेत टिकून राहायला माशाला फार ताकद लागते, म्हणून तो कडेला सरकतो. वळणाच्या आतल्या बाजूचं संथ पाणी, पडलेल्या झाडामागचा आडोसा, शिवारातला ओढा नदीला मिळतो ते तोंड, या जागा आधी बघा. अशा वेळी काठापासून दोन-तीन हातांवर, कमरेइतक्या पाण्यातही मृगळ आणि शिंगटी मिळते. पाणी निवळू लागलं की तेच मासे डोहाकडे जातात. दसऱ्यानंतर तुमच्या नेहमीच्या जागेवर ते सापडतात, त्याचं कारण हेच.

पाणी किती निवळलंय हे नुसत्या डोळ्यांनी जोखू नका. डब्याचं पांढरं झाकण घ्या, त्याला वजन बांधा आणि दोरीनं पाण्यात सोडा. वीतभर खोलीवरच ते दिसेनासं झालं तर गांडूळ लावा आणि ते तळावर, काठालगत ठेवा. त्या पाण्यात मासा वासावर आणि चाहुलीवर खातो, त्यामुळे ०.२८ मिमीचा जाड तंगूसही (गळाचा नायलॉन दोरा) चालतो. हातभर खोलीपर्यंत झाकण दिसलं की कणकेचा गोळा चालू लागतो. दोन हातांपर्यंत दिसलं की ०.१८ किंवा ०.२० चा तंगूस घ्या, काठापासून मागं बसा आणि सकाळ-संध्याकाळचीच वेळ धरा. खानापूरकडच्या तांबड्या मातीचं पाणी त्यामानानं लवकर निवळतं. सौंदत्तीकडच्या काळ्या रानातली बारीक चिकणमाती बरेच दिवस पाण्यात तरंगत राहते, म्हणून तिकडचा अनुभव इकडे लावू नये.

पाणी चढतंय की उतरतंय हे तर रंगापेक्षाही महत्त्वाचं. बसल्याबरोबर काठाला एक काडी रोवा, पाण्याच्या रेघेवर खूण करा आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं बघा. सावकाश उतरणारं पाणी सगळ्यांत चांगलं. झपाट्यानं उतरत असेल तर मासा काठ सोडतो, तेव्हा लगेच खोलवर जा. आणि अर्ध्या तासात दोन बोटं जरी चढलं तरी सामान उचला. खानापूरला ऊन असलं तरी नदीच्या वरच्या अंगाला कणकुंबी-जांबोटीच्या रानात पाऊस झाला की काही तासांत मलप्रभा फुगते. हिडकल धरणाच्या खाली घटप्रभेवर आणि निपाणीकडे दूधगंगेवर धरणातून सोडलेलं पाणी असंच न सांगता येतं.

प्रश्न : वेदगंगेच्या बंधाऱ्याजवळ बसतो. शाळूच्या धाटाचं बूच (पाण्यावर तरंगणारी खूण) वापरतो, पण ते धारेबरोबर पळतं आणि गळ तळाला पोचला की नाही कळत नाही. मासे जमवायला पाण्यात चारा किती टाकावा हाही घोळ होतो. (एक वाचक, निपाणी परिसर)

धाटाचं बूच उत्तम, फक्त त्याचा गाभा पाणी पितो आणि तासाभरात बूच जड होतं. दोन्ही टोकांना मेण लावा किंवा सगळ्या तुकड्याला नखपॉलिशचे दोन हात द्या. पेन्सिलीच्या जाडीचा दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा पुरे. टोक एक सेंटिमीटर वर राहील इतके शिशाचे छर्रे दाबा, जास्त वर ठेवलंत तर हलकी ओढ दिसणार नाही. यातले बहुतेक छर्रे बूच आणि गळ यांच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर एकत्र ठेवा आणि एकच बारीक छर्रा गळापासून वीतभर वर. सगळं वजन गळाजवळ गेलं की आमिष दगडासारखं पडतं आणि मासा शंका घेतो.

आता खोली. गळाच्या आकड्याला तात्पुरतं एक जड शिसं अडकवा आणि बसायच्या जागेसमोर संथ पाण्यात सोडा. बूच पूर्ण बुडालं तर पाणी जास्त खोल आहे, बूच वर सरकवा. आडवं पडलं तर खाली घ्या. टोक जेमतेम दिसेल तिथं खोली बरोबर जुळली. मग शिसं काढा, बूच दोन बोटं खाली घ्या आणि धारेत सोडताना तंगूस बोटानं किंचित अडवत चला, म्हणजे आमिष बुचाच्या पुढं, तळालगत जाईल. नुसतं मोकळं सोडलं तर वरचं पाणी बुचाला पळवतं आणि आमिष मागं फरफटतं. सारखा गळ अडकत असेल तर अजून बोटभर कमी करा.

चाऱ्यासाठी अर्धा किलो भाताचा कोंडा, पाव किलो कुटलेली शेंगपेंड आणि दोन मुठी चुरमुऱ्यांचा भुगा घ्या. पाणी एकदम ओतू नका. शिंपडत कालवा, वीस मिनिटं झाकून ठेवा, मग पुन्हा थोडं शिंपडा. कोंडा उशिरा फुगतो, म्हणून आधी बरोबर वाटलेला चारा नंतर कोरडा पडतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि अंगठ्यानं दाबल्यावर फुटावा. धारेत टाकायचा असेल तर त्याच्याइतकीच काठची चिकणमाती मिसळा, नाहीतर गोळा वरच फुटतो, बारीक मासळी गोळा होते आणि मोठा मासा खाली येत नाही. सुरुवातीला मोसंबीएवढे दोन गोळे, नंतर वीस मिनिटांनी लिंबाएवढा एक. एवढ्यावर हात आवरा. पोट भरलेला मासा जागेवर असूनही गळाकडे बघत नाही, आणि सगळ्यांत जास्त नुकसान या जादा चाऱ्यानंच होतं. पावसाळ्यानंतर बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसले की पाणी साठून संथ होतं. तेव्हा माती वगळा, चारा निम्मा करा.

गळाला लावायच्या कणकेत थोडं बेसन, चिमूटभर हिंग आणि पिंजलेल्या कापसाच्या चार-दोन तारा मळा. कापसामुळे गोळा धारेत निसटत नाही. मृगळाला ८ किंवा १० नंबरचा गळ, बारीक मासळीला १४. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं. बंधाऱ्याच्या खालच्या फरशीवर मात्र उभं राहू नका. तिथं शेवाळ असतं आणि खालचा भोवरा माणसाला वर येऊ देत नाही.

प्रश्न : मृगाच्या पहिल्या पाण्यात चढणीचे मासे ढिगानं मिळतात. तेव्हाच हंगाम सुरू का करू नये? (एक वाचक, उचगाव)

कारण ते मासे अंडी घालायला वर निघालेले असतात. रोहू, मृगळ यांच्या मादीच्या पोटात किलोमागे लाखाच्या वर अंडी असतात. ओढ्याच्या तोंडाला मच्छरदाणी लावून ती चढण अडवली की पुढच्या दोन-तीन वर्षांची मार्कंडेय नदी आपण एका रात्रीत रिकामी करतो. आमचं म्हणणं स्पष्ट आहे : जून ते ऑगस्ट गळ घरात ठेवा. धरणांत आणि तलावांत मासेमारीचा हक्क बहुधा ठेक्यानं दिलेला असतो, तेव्हा परवान्याची चौकशी मत्स्यखात्याच्या तालुका कार्यालयात आधी करा.

प्रश्न : बळ्ळारी नाल्यात चिलापी भरपूर दिसते. पकडून खाल्ली तर चालते का? (एक वाचक, वडगाव, बेळगाव)

खाऊ नका. या नाल्यात शहराचं सांडपाणी येतं आणि चिलापी घाण पाण्यातही तग धरते, त्यामुळे मासा ठणठणीत दिसला म्हणून पाणी चांगलं असं होत नाही. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेताना दिसले की पाण्यातला प्राणवायू संपत आलाय असं समजा. कालव्यावर गळ टाकणं त्यापेक्षा बरं. आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) बंद झालं की पाणी जिथं पायरीवरून खाली पडतं त्या खड्ड्यात मासा साठतो. पण अस्तरीकरण केलेल्या कालव्याचा उतार निसरडा असतो आणि आत पडल्यावर पकडायला काही मिळत नाही. एकट्यानं जाऊ नका, आणि काठाला दोर बांधून ठेवा.

उपसा मोटारींच्या तारा नदीकाठी खूप खाली लोंबतात. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. काठी उभी करण्याआधी वर बघा, आणि हस्ताच्या दुपारी गडगडायला लागलं की ती आडवी ठेवून काठापासून दूर व्हा.

प्रश्न : शिंगटीचा काटा हाताला लागला तर काय करावं? (एक वाचक, रायबाग)

काटे तीन असतात, एक पाठीवर आणि दोन कानाजवळच्या परांचे. जखमेत काट्याचा तुकडा राहिलेला दिसत असेल तर चिमट्यानं काढा. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी गार झालं की बदलत राहा, ठणका यानंच उतरतो. पाणी सोसवतं का हे चांगल्या हातानं बघा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. नंतर साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. सूज वाढत गेली तर त्याच दिवशी दवाखाना. गळ काढताना ओलं फडकं घ्या आणि काटे बोटांच्या फटीत येतील असा मागून हात धरा. तुमच्याकडे कृष्णेत मगरी आहेत, म्हणून मासा पाण्याच्या कडेला साफ करू नका आणि पाय पाण्यात सोडून बसू नका.