आजीच्या डब्यात फारसी अक्षरांचं चांदीचं नाणं सापडलं. मुघलांचं दिसतंय. अक्षरं अर्धी कापलेली आहेत. बनावट असेल का? पॉलिश करून घेऊ का?

अक्षरं कापलेली आहेत एवढ्यावरून बनावट ठरवू नका. हाताने पाडलेल्या रुपयाचं ते लक्षणच आहे. टांकसाळीत चांदीची तोललेली चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून मजकुराचा जेवढा भाग चकतीवर आला तेवढाच उमटला. एकाच ठशाची दोन नाणीही त्यामुळे सारखी निघत नाहीत.

'मुघलांचं दिसतंय' असं तुम्ही लिहिलंय, तिथे मात्र जरा थांबा. पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपयाही फारसीत, दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच निघे. सुरतेला इंग्रजांच्या कंपनीनेही बादशहा शाह आलमच्या नावाने रुपये पाडले. नवा राजा आला म्हणून बाजार नवं नाणं लगेच घेत नसे. ओळखीचा ठसा आणि चांदीचा कस लागे. म्हणून नावापेक्षा खुणा बघा. अक्षरांच्या मधे कुठे माहुताच्या अंकुशासारखी आकृती दिसते का?

मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. माझ्याकडेही आजीचा एक रुपया आहे. खिडकीपाशी, बाजूने येणाऱ्या उजेडात तिरका धरला की 'शाह'मधला लांब फराटा उठून दिसतो आणि थेट कडेवरून खाली घसरतो. दुसऱ्या बाजूला 'सन जुलूस', म्हणजे बादशहाच्या राज्याभिषेकापासूनचं वर्ष. टांकसाळीचं नाव बहुतेकदा अगदी खाली, 'ज़र्ब' (म्हणजे 'पाडलं') या शब्दाजवळ असतं, आणि नेमकं तेच कापलं जातं. फार जीव हळहळतो! वर्षाच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. कंपनीने बंगालमध्ये शाह आलमचं १९ वं वर्षच पुढे कितीतरी वर्षं नाण्यांवर छापलं. चार आकडी हिजरी सन दिसला, तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १२०२ असेल तर इसवी सन साधारण १७८८ येईल.

आता वजन. सराफाकडे काट्यावर ठेवा. पूर्ण रुपया साधारण ११ ते साडेअकरा ग्रॅम भरतो. कडेवर सांधा किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले, तर ते साच्यात ओतलेलं असण्याची शंका घ्या. पण मधे छोटे गोल-चौकोनी टोचे असतील तर घाबरू नका, जुन्या सराफांनी कस तपासताना मारलेल्या त्या खुणा आहेत.

आणि पॉलिश अजिबात नको. आमच्याकडे असे दोन रुपये होते. दुसरा मी इथल्याच एका पेढीवर 'जरा साफ करून द्या' म्हणून दिला. तेजाबातून काढून ब्रश मारून दिला, चकाकत होता, पण अक्षरांच्या खाचांत शतकभर साचलेली काळसर छटा गेली आणि नुक्त्यांचे ठिपके झिजून सपाट झाले. मला आता तो वाचताच येत नाही. तुमच्या नाण्यावर माळेसाठी कडी डाकलेली असेल तर तीही काढू नका, आजीने किंवा तिच्या आजीने ते गळ्यात घातलं होतं. कापडाने हलकेच पुसा, कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. अंकुश आहे का ते आपण मिळून शोधू.