साडेसहाची एसटी वाडीपर्यंत आणायची असेल तर

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत, 7 किलोमीटरला 12 किलोमीटरचं तिकीट का लागतं आणि तिठ्यावरून (तीन रस्ते मिळतात तिथून) परत फिरणारी साडेसहाची गाडी वाडीपर्यंत यावी म्हणून काय करायचं. मी 18 वर्षं पासवर अशाच गाडीने ये-जा केलीय म्हणून सविस्तर लिहितो.

तिकिटाचं सोपं आहे. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, एक टप्पा 6 किलोमीटरचा, सातवा लागला की दुसरा टप्पा. कंडक्टरच्या मशीनमध्ये ते आधीच भरलेलं असतं, त्याच्याशी वाद घालून काही होत नाही. रोजचं जाणं असेल तर मासिक पास काढा, 20 दिवसांच्या भाड्यात महिनाभर फिरता येतं. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहेच, त्यामुळे पास की अर्धं तिकीट, काय स्वस्त पडतं ते हिशोब करून बघा.

आता गाडीचं. कोकणात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे विभाग, त्यांच्याखाली आगारं, आणि तुमची फेरी ठरते ती आगारात. एक गाडी म्हणजे एक फेरी नव्हे हो, तीच गाडी पहाटे कुठल्यातरी वस्तीवरून निघते, शाळेची पोरं आणते, दुपारी दुसरीकडे जाते, संध्याकाळी तुमच्याकडे येते आणि रात्री परत मुक्कामाला. त्यामुळे तिठ्यापासून वाडीपर्यंतचे 4 किलोमीटर वाढवायचे म्हटले की पुढचं सगळं वेळापत्रक हलतं. आमच्याकडे म्हणूनच वस्तीचीच गाडी, म्हणजे रात्री वाडीतच मुक्काम करणारी, मागितली, चालक-वाहकांना देवळाच्या पडवीत झोपायची सोय वाडीने केली, शेजारच्या काकू पहाटे चहा द्यायच्या, आणि पावणेसहाला इंजिन धडधडलं की मासळीच्या टोपल्या घेऊन बायका आंब्याखाली उभ्याच.

पण आगारात पहिला प्रश्न येतो भारमानाचा, म्हणजे गाडी किती भरते. इथे आपली माणसं चुकतात. 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे पण मशीनमधून शून्याचं तिकीट निघतं, त्याचे पैसे सरकार एसटीला देतं, आणि आजोबा म्हणतात राहू दे कशाला कागद फुकट. ते तिकीट नाही फाटलं तर आजोबा गाडीत बसलेच नाहीत असा हिशोब लागतो! बारावीपर्यंतच्या मुलींच्या मोफत पासचंही बघा, वाडीतल्या किती जणींकडे आहे ते मोजा.

महिनाभर तिठ्यावर कोण कोण उतरून चालत येतं ते वहीत लिहा, तारीख आणि डोकी. मग ग्रामपंचायतीचा ठराव, शाळेचं पत्र आणि ती यादी जोडून आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. रस्त्यावर गाडी वळवायला जागा कुठे आहे तेही लिहा, ते बघायला येतातच. गणपतीच्या आसपास नको, तेव्हा गाड्या मुंबईच्या जादा फेऱ्यांत असतात. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.