वाचक विचारतात: बडोद्यात जुन्या गाड्या-विमानांवर व्याख्यानं ठेवायची तर

प्रश्न: मुलीकडे इंग्लंडला होतो तेव्हा वेब्रिजचं ब्रुकलँड्स म्युझियम बघितलं. तिथे जुन्या गाड्या आणि विमानांवर व्याख्यानं असतात, एकाला बसलो पण. असं काही आपल्या मंडळाच्या हॉलमधे दर महिन्याला सुरू करायचं मनात आहे, पण आपल्याकडे ना म्युझियम ना वक्ते. कसं जमवायचं?
(एक निवृत्त वाचक, दांडिया बाजार)

उत्तर: काका, म्युझियम नाही हे कबूल, वक्ते नाहीत हे काही पटत नाही बुवा. ब्रुकलँड्सचं वजन आहे ते तिथे खरंच काय काय घडलं त्यामुळे. 1907 साली तिथे मुद्दाम मोटारींच्या शर्यतीसाठी साडेचार किलोमीटरच्या आसपासचा काँक्रीटचा ट्रॅक बांधला, वळणावर कडा सुमारे 9 मीटर उंच, आणि त्याच आवारात विमानांचे कारखाने उभे राहिले. हरिकेन लढाऊ विमानाचं पहिलं उड्डाण तिथलंच, नोव्हेंबर 1935 मधलं, आणि आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड प्रवासी विमानाचे बरेच भाग वेब्रिजलाच बनले. म्हणजे ज्यांनी हातात पाना धरला ती माणसं त्याच गावात राहात होती, बोलायला बाहेरून कोणाला आणायची गरज काय.

आपल्याकडे तीच माणसं शोधायची. प्रोफेसर नको असं नाही म्हणत, पण पहिले चार-पाच महिने तरी नको, स्लाइड लावतात आणि तासभर वाचून दाखवतात, लोकं पाठीमागून एकेक करून सटकतात. त्यापेक्षा फियाट-अँबॅसेडरवर आयुष्य काढलेला एखादा मिस्त्री आणा आणि टेबलावर एकच वस्तू ठेवा, कार्ब्युरेटर ठेवा नाहीतर पुढून फिरवून इंजिन चालू करायचं हँडल. हँडल मारताना अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि जोर वर खेचताना लावायचा, खाली दाबताना नाही, कारण ठिणगीचं टायमिंग पुढे गेलेलं असेल, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत असेल, तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट नाहीतर अंगठा मोडतो. हे तो स्वतःच्या हाताने करून दाखवेल ना, तेव्हा मागच्या रांगेतली पोरं पण मोबाइल खाली ठेवतील. मात्र "तुमच्या अनुभवाबद्दल दोन शब्द बोला" असं त्याला सांगू नका, तो लाजेल आणि खरंच दोनच शब्द बोलेल. कोणीतरी शेजारी बसून प्रश्न विचारायचे, हे उघडलं की आत काय, हे बिघडलं की आवाज कसा यायचा, पार्ट मिळत नव्हता तेव्हा काय जुगाड केलं. अर्धा तास हे, मग श्रोत्यांचे प्रश्न.

मिस्त्री गुजरातीत बोलेल, बोलू दे. मराठी मंडळात गुजराती कशाला म्हणून एखादे आजोबा नाक मुरडतील पण बडोद्यात कोणाला कळत नाही असं थोडंच आहे. फोनवर रेकॉर्डिंग मात्र करून ठेवा, माणूस आणि तारीख लिहून, ते पुढे सोन्याच्या भावाचं होईल.

आपल्या बडोद्यातल्या सी-295 या लष्करी मालवाहू विमानांच्या नव्या कारखान्यातला कोणी बोलवावा असं मनात येईल, 2024 ला उद्घाटन झालं त्याचं, पण तिथे परवानगीचं घोडं अडेल, त्यात पहिलं वर्ष घालवू नका. तारखेचं म्हणाल तर नवरात्र आणि उत्तरायण सोडून काहीही, गरब्याच्या दिवसांत ठेवाल तर वक्ताच येणार नाही. आणि नंतर शेवउसळ ठेवा, गर्दीची काळजी मिटली.

प्रश्न: आमच्या ग्रुपमधे वाद झालाय. पहिलं व्याख्यान शिवकर बापूजी तळपद्यांवर ठेवायचं असं काही जण म्हणतात, 1895 ला चौपाटीवर विमान उडवलं आणि सयाजीराव महाराज हजर होते म्हणून. ठेवावं का?
(एक वाचक, रावपुरा)

उत्तर: ठेवा, पण पहिलं नको, आणि जयजयकार म्हणून तर नकोच. ज्या वैमानिक शास्त्राचं नाव या गोष्टीत घेतलं जातं ते पुस्तक विसाव्या शतकातलं आहे, आणि 1974 ला बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी त्यातल्या विमानांची रचना तपासून ती उडू शकत नाहीत असं लिहून ठेवलंय.

गंमत अशी की ब्रुकलँड्सचा पण असा एक दावा आहे. ए. व्ही. रो नावाच्या माणसाने 1908 ला त्या ट्रॅकवर आपलं विमान जमिनीवरून उचललं असं तो म्हणायचा, पण ब्रिटनमधलं पहिलं उड्डाण म्हणून पुढे हे दावे तपासणाऱ्या एका समितीने ते मान्य केलं नाही. तरी त्याच्या विमानाची प्रतिकृती त्या म्युझियममधे आहे. माणूस मोठाच होता, नंतर अ‍ॅव्हरो कंपनी काढली, म्हणून दावा आपोआप खरा ठरत नाही. तुमच्या व्याख्यानात पण हेच विचारायचं ना, बघितलं कोणी, लिहिलं कधी, त्याच आठवड्यात की तीस वर्षांनी, आणि उडी मारली का खरोखर उडालं हे ठरवायचं कसं. भांडण होईल, होऊ दे, लोकं पुढच्या महिन्याला पण येतील.

प्रश्न: आजोबा सांगायचे की इंग्रजांच्या एअरफोर्समधे बडोद्याच्या नावाची स्क्वाड्रन होती. खरं का?
(एक वाचक, मांजलपूर)

उत्तर: अगदी खरं. रॉयल एअर फोर्सची 124 नंबरची बडोदा स्क्वाड्रन, गायकवाड सरकारने दिलेल्या देणगीवरून हे नाव पडलं. 1941 ला ती स्पिटफायर लढाऊ विमानं घेऊन पुन्हा उभी राहिली, फार उंचावर उडणाऱ्या खास स्पिटफायर तिला मिळाल्या होत्या, आणि युद्धाच्या शेवटी हॉलंडमधल्या जर्मनांच्या व्ही-2 रॉकेटच्या ठिकाणांवर तिने बॉम्ब टाकले. बिल्ल्यावर चक्क मुंगूस! वरच्या दांडिया बाजारच्या काकांना गाठा, एक महिन्याचा विषय तुमच्याकडे तयार आहे, आणि आजोबांचे फोटो-कागद काही असतील तर तेही घेऊन जा.